मावळतीचा शब्द

आज उत्तर-दक्षिणेच्या ‘बोर्रास’ आणि ‘नोतोस’ या ग्रीक शब्दांकडे वळायचं होतं. मुळात ती वाऱ्यांची नावं, आणि वारा आठवडाभर थांबला तरी बिघडत नाही. गेल्या वेळच्या ‘आनातोले’वर एका वाचकांनी विचारलं, की पूर्वेला ग्रीक माणूस ‘उगवत’ म्हणतो, तर पश्चिमेला काय म्हणतो, आणि मराठी बायबलात त्याचं काय झालं? शब्द आहे ‘दिस्मे’. सूर्य बुडणे, मावळणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. नव्या करारात तो पाचच ठिकाणी सापडतो: मत्तय 8:11 आणि 24:27, लूक 12:54 आणि 13:29, आणि प्रकटीकरण 21:13. पाचही ठिकाणी तो अनेकवचनी आहे. हे अनेकवचन काही जण फार मनावर घेतात. वर्षभरात सूर्य क्षितिजावर वेगवेगळ्या जागी मावळतो, म्हणून ‘मावळती’ अनेक, असं ते सांगतात. कल्पना देखणी आहे, पण प्रकटीकरणाच्या त्याच ओळीत प्रचलित ग्रीक पाठात उगवत एकवचनी आणि मावळत अनेकवचनी आहे. सूर्य उगवतानाही जागा बदलतोच की! तेव्हा हे अनेकवचन खगोलातलं नाही, भाषेच्या वळणाचं आहे.

मराठी बायबलात या जागी ‘पश्चिम’ आहे. अर्थ बरोबरच आहे, पण त्या शब्दामागचं चित्र वेगळं आहे. ‘पश्चिम’ म्हणजे पाठीमागची. पश्चात् आणि पश्चात्ताप ही त्याच घरातली मंडळी. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोर ती पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीशी पश्चिम. हिब्रू माणूसही असाच उभा राहतो. त्याचा ‘केदेम’ म्हणजे समोरची बाजू आणि पूर्व, ‘यामीन’ म्हणजे उजवा हात आणि दक्षिण. अनुवाद 11:24 मधल्या भूमध्य समुद्राला हिब्रूत ‘पाठचा समुद्र’ म्हटलं आहे. तिथे ‘पश्चिम समुद्र’ हे मराठी भाषांतर अक्षरश: चपखल बसतं. हिब्रूत पश्चिमेला नुसतं ‘याम’, म्हणजे समुद्र, असंही म्हणतात. हर्णैच्या कोळ्याला ते लगेच पटेल. अकोल्याच्या डांगाणात मात्र मावळतीला समुद्र दिसत नाही, सह्याद्री आडवा येतो. खुद्द निर्गम 10:19 मध्ये मिसर देशातला टोळ उडवून लावणारा पश्चिमेचा वाराही ‘समुद्राचा वारा’च आहे, आणि मिसरला समुद्र आहे उत्तरेला! शब्द एकदा दिशेचं नाव झाला, की तो आपली जन्मभूमी विसरतो.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. ‘याम’ जर समुद्र विसरला, तर ‘दिस्मे’ मावळणं विसरला नसेल कशावरून? लूक 12:54 तर आक्षेप घेणाऱ्याच्याच बाजूने साक्ष देतं. मावळतीकडून ढग येताना दिसला की पाऊस येणार असं तुम्ही म्हणता, असं येशू लोकसमुदायाला सांगतो. तिथे ढगासाठी जे क्रियापद आहे, ते उगवतीच्या ‘आनातोले’चंच. म्हणजे मावळतीत ढग उगवतो, आणि लूकला त्यात काही खटकत नाही. हे मान्य करायला हवं. पण मलाखी 1:11 च्या जुन्या ग्रीक भाषांतरात ‘सूर्याच्या’ हा शब्द सोबत आला, की हीच जोडी पुन्हा जिवंत होते, सूर्य खरोखर उगवतो आणि मावळतो. शब्द मेलेला नाही, डुलकी घेतोय. आपली ‘मावळत’ अगदी अशीच वागते. ‘मावळतीचा बांध’ असं सकाळी दहाला म्हणणाऱ्याच्या मनात सूर्यास्त नसतो, पण ‘दिवस मावळतीला लागला’ म्हणताच तो डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘पश्चिमे’ला अशी दुहेरी चाल जमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या अनुवाद 11:24 मध्ये हिब्रू ‘पाठचा समुद्र’ म्हणतो, तिथे जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘मावळतीकडचा समुद्र’ असं केलं. त्यांनी मूळ चित्र टाकलं आणि आपल्या लोकांचं घेतलं. मग मराठी भाषांतरकारांनी मावळतीची ‘पश्चिम’ केली तर त्यांच्या नावाने बोटं का मोडायची? बोटं मोडायची नाहीतच. फक्त एवढं विचारायचं, की आपल्या लोकांचा शब्द कोणता? खरेदीखतातल्या चतु:सीमेत ‘पश्चिमेस’ असतं, बांधावर ‘मावळतीला’. आणि शास्त्र आपल्या लोकांच्या बोलीत आणण्याची वाट या जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं मांडलं आणि 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. पुढे याच नगरशी जोडलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणलं. देशी घाटात शास्त्र हलकं होत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि नव्या कराराची ग्रीक तरी कुठे सोवळ्यातली आहे? ती बाजारात आणि घरात बोलली जाणारी भाषा.

तेव्हा माझा कौल असा: जिथे मूळ हिब्रूत ‘पाठ’ आहे, तिथे ‘पश्चिम’ हलवू नये, ती तिथे योगायोगाने मुळाबरहुकूम आहे. नव्या कराराच्या पाच जागी मात्र ‘मावळत’ यावी. विशेषत: लूकच्या ढगापाशी, कारण आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज बांधणारा माणूस तिथे बोलतो आहे, आणि त्याच्या तोंडी शोभेल असा शब्द या जिल्ह्यातल्या बांधाबांधावर तयार आहे. राहिले उत्तर-दक्षिणेचे वारे. ते पुढच्या आठवड्यात, मध्येच मवाबाच्या मैदानाने अडवलं नाही तर. तिथे ग्रीक भाषांतरकारांनी ‘मैदाना’चीच ‘मावळत’ करून टाकली आहे, आणि ती गंमत मला फार दिवस खुणावते आहे.