लोखंडाची भूमिगत भिंत

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील एलिझाबेथ सिटी येथे, तटरक्षक दलाच्या तळावर, क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याने तीस वर्षांहून अधिक काळ काम केले. त्याच्या फरशीखाली झिरपलेली द्रव्ये भूजलात मिसळून, षट्संयुजी क्रोमियम आणि ट्रायक्लोरोएथिलीन ही दोन विषे जवळच्या पास्क्वोटँक नदीच्या दिशेने सरकू लागली.

बंदोबस्त : जून १९९६ मध्ये या प्रवाहाला आडवा असा ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल व ०.६ मीटर रुंद चर खणून त्यात सुमारे ४५० टन लोखंडाचा कीस भरण्यात आला.

क्रिया : पाणी या सच्छिद्र भिंतीतून आपल्या स्वाभाविक गतीने पार होत असता, लोखंड स्वतः गंजते व इलेक्ट्रॉन देते, त्यायोगे विद्राव्य आणि कर्करोगकारक अशा षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपात क्षपण होऊन ते अविद्राव्य साक्याच्या रूपाने तेथेच बद्ध होते, तर ट्रायक्लोरोएथिलीनमधील क्लोरीन विलग होऊन मुख्यतः एथीन व एथेन हे वायू उरतात.

मर्यादा : या योजनेस पंप वा वीज लागत नाही, परंतु गंज आणि क्षार साचून भिंतीची छिद्रे कालांतराने बुजू शकतात, शिवाय क्रोमियम हे मूलद्रव्य असल्याने ते नष्ट न होता केवळ निश्चल होते, म्हणून सभोवतालच्या विहिरींतील पाण्याची नियमित तपासणी हा या उपायाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे, आणि तिच्या खर्चाची तरतूद आरंभीच झाली पाहिजे.