डावखुऱ्यांतले डावे-उजवे

मराठी भाषेने डाव्या हाताला कधीच न्याय दिलेला नाही. एखाद्याला बाजूस सारले की आपण त्याला ‘डावलले’ असे म्हणतो, एखादा सरस निघाला की तो ‘उजवा’ ठरतो आणि प्रतवारी लावायची वेळ आली की आपण ‘डावे-उजवे’ करू लागतो. मुष्टियुद्धाच्या इतिहासातील थोर डावखुऱ्यांची प्रतवारी लावणे म्हणजे डावखुऱ्यांमध्येच डावे-उजवे करणे होय. हे काम डाव्या हाताचा मळ नाही, हे आरंभीच कबूल करतो.

प्रस्तुत लेखक जन्माने डावखुरा आहे. बालपणी पाटीवरची पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात इतक्या वेळा दिली गेली, की आज लेखन आणि जेवण उजव्या हाताने होते व उरलेला सारा व्यवहार डाव्या हाताने. रोखपालाच्या खिडकीत बसत असताना डाव्या हाताने नोटा पुढे केल्या, की एखाद्या वयोवृद्ध ग्राहकाच्या कपाळाला हमखास आठी पडत असे. लक्ष्मी डाव्या हाताने देऊ नये, हा त्यांचा विश्वास. त्यामुळे या विषयात लेखक पूर्णतः तटस्थ आहे असे वाचकांनी मानू नये.

मुष्टियुद्धात हाताइतकेच महत्त्व पवित्र्याला आहे. बहुसंख्य योद्धे डावा पाय व डावा हात पुढे ठेवून उभे राहतात. डाव्या हाताने ते ‘जॅब’ नावाचे हलके, चाचपणारे ठोसे मारतात आणि उजवा हात निर्णायक प्रहारासाठी मागे राखून ठेवतात. या पवित्र्याला ‘ऑर्थोडॉक्स’, म्हणजे रूढिमान्य, असे नाव आहे. त्याच्या उलट, उजवा पाय व उजवा हात पुढे आणि डावा हात राखीव, असा पवित्रा घेणारा तो ‘साऊथपॉ’. एकाला रूढिमान्य म्हटले की दुसरा आपोआपच पाखंडी ठरतो!

हे दोन पवित्रे समोरासमोर आले की नेहमीचे सारे हिशेब बिघडतात. दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडखळतात आणि पुढचे हात एकमेकांवर आदळून जॅबची वाट अडवतात. मग ज्याचा पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याच्या मागच्या हाताला समोरच्याच्या हनुवटीपर्यंत सरळ रस्ता मिळतो. हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. सारखा नसतो तो सराव. डावखुऱ्याने आयुष्यभर उजव्या योद्ध्यांशीच सराव केलेला असतो. उजव्याला मात्र डावखुरा क्वचितच भेटतो. फ्रँकफुर्टमध्ये १० सप्टेंबर १९६६ रोजी महंमद अलीसारख्या चपळ जगज्जेत्यालाही कार्ल मिल्डेनबर्गर या जर्मन डावखुऱ्याने बराच काळ अवघडल्यासारखे करून सोडले. लढत अलीने जिंकली, परंतु त्यासाठी त्याला बाराव्या फेरीपर्यंत जावे लागले.

या अडचणीची किंमत अखेरीस डावखुऱ्यांनीच मोजली. त्यांच्याशी लढण्यात जोखीम फार आणि शोभा कमी, असा व्यवस्थापकांचा रोकडा हिशेब होता. डावखुऱ्यांना जन्मतःच बुडवून टाकावे, असा क्रूर विनोद जुन्या व्यायामशाळांतून चालत असे. परिणामी अनेक प्रशिक्षकांनी डावखुऱ्या मुलांना ‘सुधारून’ उजव्या पवित्र्यात उभे केले. एका डावखुऱ्याला पहिले मान्यताप्राप्त विश्वविजेतेपद मिळाले ते १९१४ मध्ये, अल मॅकॉय याला. हेवीवेट गटात तर त्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले.

येथेच प्रतवारी लावणाऱ्यापुढे पहिला पेच उभा राहतो. डावखुरा म्हणावे कोणाला? ऑस्कर डी ला होया जन्माने डावखुरा, पण लढला उजव्या पवित्र्यात, आणि त्याचा पुढचा डावा हातच सर्वांत घातक होता. याउलट फिलिपाइन्सचा मॅनी पॅकियाओ सही उजव्या हाताने करतो, परंतु लढतो डाव्या पवित्र्यात. ६ डिसेंबर २००८ रोजी लास व्हेगासमध्ये हे दोघे समोरासमोर आले. त्या रात्री डावखुरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उजव्या माणसाने, उजवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डावखुऱ्याला इतके झोडपले, की आठव्या फेरीनंतर डी ला होया आसनावरून उठलाच नाही. जन्माचा हात पाहावा तर पॅकियाओ यादीतून बाद होतो आणि डी ला होया आत येतो. म्हणून मी पवित्रा हाच निकष धरला आहे. पाटीवरची पेन्सिल आठवून हे जड मनानेच करीत आहे, परंतु रिंगणात प्रतिस्पर्ध्याला जे दिसते तेच खरे.

दुसरा पेच अधिक बिकट आहे. एखाद्या डावखुऱ्याच्या विजयात त्याचे कर्तृत्व किती आणि समोरच्याचे अपरिचय किती, हे वेगळे कसे काढायचे? जिंकलेले पट्टे मोजून हे कळत नाही. मला यावर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे दुसरी लढत पाहणे. पहिल्या भेटीत कोडे सुटले नाही तरी दुसऱ्या भेटीपर्यंत प्रतिस्पर्धी आणि त्याचे प्रशिक्षक अभ्यास करून येतात. तेव्हा नावीन्याची पुंजी संपलेली असते आणि मूळ भांडवल किती ते उघड होते.

फिलाडेल्फियाचा ल्यू टेंडलर हे याचे जुने उदाहरण. जुलै १९२२ मध्ये त्याने लाइटवेटचा महान जगज्जेता बेनी लेनर्ड याला अक्षरशः जेरीस आणले. लेनर्डने ऐन संकटात बोलण्यात गुंतवून त्याचे लक्ष विचलित केले आणि स्वतःला सावरले, असे सांगतात. वर्षभराने, जुलै १९२३ मध्ये, दोघे न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये पुन्हा भेटले तेव्हा लेनर्ड पुरता तयारीने आला होता. पंधरा फेऱ्यांनंतर त्याने निर्विवाद गुणविजय मिळवला. टेंडलर कधीच जगज्जेता झाला नाही. दुसरे उदाहरण मायकेल मूररचे. एप्रिल १९९४ मध्ये इव्हँडर होलीफिल्डला गुणांवर हरवून तो पहिला डावखुरा हेवीवेट जगज्जेता झाला. नोव्हेंबर १९९७ मधील दुसऱ्या लढतीत त्याच होलीफिल्डने त्याला पाच वेळा खाली पाडले आणि आठव्या फेरीनंतर लढत थांबवावी लागली.

आता याच कसोटीवर मार्व्हिन हॅगलरला घासून पाहू. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन गावात पेट्रोनेली बंधूंच्या हाताखाली तयार झालेला हा मिडलवेट १९७३ मध्ये व्यावसायिक झाला. तुझ्याविरुद्ध तीन गोष्टी आहेत, तू कृष्णवर्णीय आहेस, डावखुरा आहेस आणि चांगला आहेस, असे जो फ्रेझरने त्याला सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. हॅगलरला विश्वविजेतेपदाची पहिली संधी मिळेपर्यंत १९७९ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर त्याच्या खात्यावर जवळजवळ पन्नास लढती जमा होत्या. व्हिटो अँट्युओफेर्मोविरुद्धची ती लढतही बरोबरीत सोडवण्यात आली आणि पट्टा जुन्या धन्याकडेच राहिला. अखेर २७ सप्टेंबर १९८० रोजी लंडनच्या वेंब्लीत त्याने अ‍ॅलन मिंटरला तिसऱ्या फेरीत निकालात काढले, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगणात बाटल्यांचा वर्षाव केला. ज्या क्षणाची सात वर्षे वाट पाहिली, त्या क्षणी त्याला डोके वाचवण्यासाठी खाली वाकावे लागले.

आता त्याच्या दुसऱ्या लढती पाहा. बॉबी वॉट्सकडून तो १९७६ मध्ये गुणांवर हरला होता, १९८० मध्ये त्याने वॉट्सला दुसऱ्या फेरीत संपवले. त्याच वर्षी विली मन्रोनेही त्याला हरवले होते. १९७७ मध्ये हॅगलरने त्याला आधी बाराव्या आणि नंतर दुसऱ्याच फेरीत नामोहरम केले. अँट्युओफेर्मो १९८१ मध्ये चार फेऱ्यांपलीकडे टिकला नाही. ओबेलमेहियास पहिल्यांदा आठव्या फेरीपर्यंत टिकला, दुसऱ्यांदा पाचव्या. हमशो, जो स्वतःही डावखुरा होता, आधी अकराव्या आणि नंतर तिसऱ्या फेरीत हरला. शुगर रे सील्सशी दुसऱ्या वेळी बरोबरी झाली हा अपवाद नोंदवला पाहिजे, पण तिसऱ्या वेळी तोही पहिल्याच फेरीत गारद झाला. इतरांचे कोडे दुसऱ्या भेटीत सुटत असे. हॅगलरला ओळखणाऱ्याची अवस्था दुसऱ्या भेटीत अधिक बिकट होई, कारण अभ्यास तोही करीत असे. १५ एप्रिल १९८५ रोजी थॉमस हर्न्सबरोबर झालेली त्याची तीन फेऱ्यांची लढत आजही मुष्टियुद्धातील सर्वांत तुंबळ आठ मिनिटे म्हणून सांगितली जाते. माझ्या यादीत पहिले नाव त्याचे.

त्याची अखेर मात्र चटका लावणारी आहे. ६ एप्रिल १९८७ रोजी शुगर रे लेनर्डविरुद्ध हॅगलर सुरुवातीच्या फेऱ्या चक्क उजव्या पवित्र्यात लढला. डाव्या हाताने सारे कमावले, आणि ऐन मोक्याच्या रात्री तोच हात मागे ठेवला! त्या फेऱ्या लेनर्डने खिशात घातल्या आणि तीनपैकी दोन पंचांचा कौल त्याला मिळाला. दोघांची दुसरी लढत कधी झाली नाही. हॅगलरही पुन्हा रिंगणात उतरला नाही. २०२१ मध्ये त्याचे निधन झाले.

दुसऱ्या स्थानाबाबत माझे मत अनेकदा बदलले. पर्नेल व्हिटेकर की पॅकियाओ? व्हिटेकर हा १९८४ चा ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता आणि चार वजनगटांतील जगज्जेता. त्याच्या ४० विजयांपैकी केवळ १७ नॉकआउट आहेत, कारण त्याचे शस्त्र प्रहार नव्हे, तर चुकवणे हे होते. समोरच्याच्या हाताच्या अंतरात उभे राहूनही तो सापडत नसे. १९८८ मध्ये पॅरिसजवळ होसे लुइस रामिरेझविरुद्ध पंचांनी त्याला वादग्रस्तरीत्या हरवले. पुढच्याच वर्षी त्याने रामिरेझला कोणत्याही पंचाला शंका घेता येऊ नये असे पराभूत केले. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनियोमध्ये हुलिओ सेझार चावेझ ८७ विजय आणि शून्य पराभव अशी नोंद घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. व्हिटेकरने बाराही फेऱ्या त्याला हवेत ठोसे मारायला लावले. तरीही दोन पंचांनी ११५-११५ अशी बरोबरी दिली. ज्यांनी ती लढत पाहिली आहे, त्यांना कागदावरची ती नोंद लेखापरीक्षणात टिकण्याजोगी वाटत नाही.

पॅकियाओच्या नावावर आठ वजनगटांतील विजेतेपदे सांगितली जातात. बँकेच्या सवयीने मी ती तपासली. त्यातील सहा प्रमुख नियामक संघटनांच्या पट्ट्यांची आहेत आणि उरलेल्या दोन गटांत त्याने सर्वमान्य अव्वल विजेत्यांना, बरेरा आणि हॅटन यांना, हरवले. म्हणजे ही बेरीज फुगवलेली नाही, तिचे स्पष्टीकरण मात्र हवे. १९९८ मध्ये ११२ पौंडांच्या गटात जगज्जेता झालेला माणूस २०१० मध्ये १५४ पौंडांच्या गटात विजेता होतो, ही गोष्ट देहधर्मालाच आव्हान देणारी आहे. सुरुवातीला त्याच्यापाशी केवळ एक वेगवान डावा हात होता. फ्रेडी रोच या प्रशिक्षकाने २००१ पासून त्याचा उजवा हात घडवला. एरिक मोरालेसकडून २००५ मध्ये हरल्यावर पुढच्या वर्षी त्याने त्याला दोनदा नॉकआउट केले. पण हुआन मॅन्युएल मार्केझने चार लढतींत, ४२ फेऱ्यांमध्ये, हे कोडे हळूहळू उलगडले आणि डिसेंबर २०१२ मध्ये सहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याला पालथे पाडले. या एका नोंदीमुळे मी व्हिटेकरला केसभर वर ठेवतो. मित्रांना हे मान्य नाही.

चौथा ओलेक्सांद्र उसिक. क्रूझरवेट आणि हेवीवेट अशा दोन्ही गटांत निर्विवाद जगज्जेता झालेल्या या युक्रेनियन योद्ध्याने जोशुआ, फ्युरी आणि दुबुआ या तिघांनाही दोन-दोनदा हरवले. फ्युरी त्याच्याहून सहा इंच उंच, तरी मे २०२४ मध्ये विभागून मिळालेला कौल डिसेंबरमध्ये एकमताचा झाला. दुसऱ्या लढतीचा निकष लावायचा तर उसिक आणखी वर जायला हवा, हे मी जाणतो. क्रम येत्या काळात बदललाही जाईल. वेल्सचा जो कॅल्झाघी ४६ लढतींत अपराजित राहून निवृत्त झाला, पण त्याच्या मोठ्या लढती उशिरा आल्या आणि एकेकदाच झाल्या. म्हणून तो पाचांबाहेर.

पाचव्या जागी मी जे नाव ठेवतो आहे, त्याला माझा निकष लावताच येत नाही. हंगेरीचा लास्लो पाप १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा पहिला मुष्टियोद्धा. साम्यवादी हंगेरीत व्यावसायिक मुष्टियुद्धाला थारा नव्हता. विशेष परवानगी मिळून तो १९५७ मध्ये व्यावसायिक झाला, तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. १९६२ मध्ये तो युरोपचा मिडलवेट विजेता झाला. विश्वविजेतेपदाच्या लढतीची बोलणी सुरू झाली, आणि तेव्हाच सरकारने परदेशी लढण्याची परवानगी काढून घेतली. २७ विजय, २ बरोबरी, पराभव एकही नाही, असे त्याचे खाते तेथेच बंद झाले. बुडापेस्टमधील मोठ्या क्रीडागृहाला आज त्याचे नाव आहे.