स्कंधसंतुलन, पार्श्ववक्रतेतील

पाठीच्या कण्याला बाजूकडे बाक आलेल्या किशोरवयीन व्यक्तीचे दोन्ही खांदे उभ्या स्थितीत कितपत समपातळीत आहेत, हे ठरविणारी तपासणी. कण्याच्या या विकृतीस पार्श्ववक्रता किंवा स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर मोजलेला वक्रतेचा कोन १०° वा अधिक असल्यास पार्श्ववक्रता आहे असे मानतात. हा कोन मोजण्याची रूढ पद्धत अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक जॉन रॉबर्ट कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. १० ते १८ वर्षे वयात उद्‌भवणाऱ्या पार्श्ववक्रतेचे कारण बहुधा सापडत नाही. या अज्ञातहेतुक प्रकाराचे प्रमाण या वयोगटात सु. २ ते ३ टक्के असून मोठी वक्रता मुलींत अधिक आढळते. खांद्यांची असमान उंची हे पालकांच्या लक्षात प्रथम येणाऱ्या लक्षणांपैकी एक होय.

खांद्याचे पाते बरगड्यांच्या पिंजऱ्यावर स्नायूंच्या आधाराने टेकलेले असते. कण्याबरोबर बरगड्या वळल्या की खांद्याची पातळीही बदलते. छातीच्या भागातील बाक बहुधा उजवीकडे फुगीर असतो व त्यात सामान्यतः उजवा खांदा वर जातो. मात्र त्याच्या वरच्या बाजूस डावीकडे फुगीर असा दुसरा बाक असल्यास खांदे समपातळीत राहतात किंवा डावा खांदा उंच दिसतो. यामुळे केवळ वक्रतेच्या कोनावरून खांद्यांच्या स्थितीचे अनुमान करता येत नाही. ती स्वतंत्रपणे मोजावी लागते.

प्रत्यक्ष तपासणीत रुग्णास अनवाणी, पावले जुळवून व हात सैल सोडून उभे करतात आणि पुढून व मागून पाहतात. पायांच्या लांबीत फरक असल्यास श्रोणी कलते व खांद्यांची पातळी फसवी दिसते. म्हणून तो फरक आधी तपासतात. मानेपासून खांद्याकडे उतरणारा भाग आणि खांद्याचे बाहेरील टोक यांची तुलना वेगवेगळी करतात, कारण एक समतोल असूनही दुसरा असमतोल असू शकतो. मानेच्या तळापासून सोडलेला ओळंबा नितंबांमधील खाचेवरून जातो की नाही, यावरून धडाचा एकूण समतोल कळतो.

उभ्या स्थितीतील क्ष-किरण चित्रावर मुख्यतः तीन मापे घेतात. (१) खांद्यांच्या उंचीतील फरक : अंसकूट व जत्रुक (गळ्याचे हाड) यांच्या सांध्यांवरील मऊ ऊतकांच्या छायांमधील उभे अंतर. (२) जत्रुक कोन : दोन्ही जत्रुकांच्या सर्वोच्च बिंदूंना जोडणारी रेषा क्षितिजसमांतर रेषेशी करते तो कोन. (३) पहिल्या वक्षीय मणक्याच्या वरच्या पृष्ठाचा कल. यांपैकी मणक्याचा कल मानेलगतच्या भागाशी, तर जत्रुक कोन खांद्याच्या बाहेरील टोकाशी अधिक निगडित असतो. उंचीतील फरक १ सेंमी. पेक्षा कमी असल्यास खांदे संतुलित, १ ते २ सेंमी. असल्यास असंतुलन अल्प, २ ते ३ सेंमी. असल्यास मध्यम व ३ सेंमी. पेक्षा अधिक असल्यास लक्षणीय, अशी एक प्रतवारी वापरली जाते. निरोगी मुलांतही थोडा फरक आढळत असल्याने अल्प असंतुलन हा रोग समजत नाहीत. चित्र घेताना हात उचलले गेल्यास सर्वच मापे चुकतात. वाढीच्या वयात चित्रे वारंवार घ्यावी लागतात. म्हणून स्तनांवरील प्रारणाची मात्रा कमी राहावी यासाठी क्ष-किरण पाठीकडून छातीकडे सोडतात.

शस्त्रक्रियेपूर्वी या मापनास विशेष महत्त्व येते. वरचा बाक ताठर असताना केवळ खालचा मुख्य बाक पूर्ण सरळ केला, तर डावा खांदा आणखी वर जातो. म्हणजे कणा चित्रात सरळ, परंतु शरीर डोळ्यांना वाकडे, अशी स्थिती उद्‌भवते. हॉवर्ड किंग, जॉन मो व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केलेल्या वर्गीकरणात अशा दुहेरी वक्षीय वक्रतेस स्वतंत्र स्थान होते. लॉरेन्स लेंके व सहकाऱ्यांच्या २००१ मधील वर्गीकरणानुसार, रुग्ण बाजूस वाकला असताही वरचा बाक २५° वा अधिक राहिल्यास तो संरचनात्मक ठरतो. अशा वेळी मणके सांधण्याची वरची मर्यादा बहुधा दुसऱ्या वक्षीय मणक्यापर्यंत नेतात किंवा मुख्य बाक हेतुतः काहीसा शिल्लक ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर न सांधलेला भाग जुळवून घेत असल्याने खांदे पुढील काळात काहीसे समपातळीत येऊ शकतात. मात्र त्यासाठी कधीकधी खालच्या भागात नवा बाक वाढतो.

चित्रावरील माप आणि रुग्णास आरशात दिसणारे रूप नेहमी जुळतेच असे नाही. किशोरवयात शरीराच्या ठेवणीविषयीची जाणीव तीव्र असते. म्हणून मापांबरोबरच रुग्णाचे स्वतःचे मत विचारणे व छायाचित्रांची नोंद ठेवणे हा या तपासणीचा आवश्यक भाग होय.