मेसमधला नवा भाडेकरू

कोलकात्याच्या भरवस्तीतल्या एका मेसमध्ये एक तरुण जागा विचारत येतो. नाव सांगतो अतुलचंद्र मित्र. नोकरीच्या शोधात आलाय, राहायची सोय नाही. मेसमध्ये खोली रिकामी नसते. अजित नावाच्या लेखकाला त्याची दया येते आणि तो त्याला आपल्याच खोलीत ठेवून घेतो. पुढे मेसमधल्याच एका रहिवाशाचा गळा चिरलेला सापडतो, संशय अतुलवर जातो, पोलीस त्याला धरून नेतात. हा बेकार तरुण म्हणजे कोकेनच्या चोरट्या धंद्याचा माग काढायला नाव बदलून आलेला गुप्तहेर ब्योमकेश बक्षी आहे, हे वाचकाला कळतं ते अजितबरोबरच.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ‘सत्यान्वेषी’ या बंगाली कथेची खरी करामत इथे आहे. ब्योमकेश नकली दाढीमिशा लावत नाही. तो तिथे नुसता राहतो. खालच्या मजल्यावरच्या होमिओपॅथी डॉक्टरांशी गप्पा मारतो, कोण कधी येतं-जातं ते बघतो. कथा सांगणारा अजितच फसलेला असल्यामुळे लेखकाला वाचकाशी खोटं बोलावंच लागत नाही. म्हणून ही कथा दुसऱ्यांदा वाचण्यात जास्त मजा आहे. अतुल खरा कोण, हे ठाऊक असलं की त्याचा प्रत्येक साधाभोळा प्रश्न वेगळाच ऐकू येतो.

गंमत म्हणजे ही कथा सगळ्यात आधी लिहिलेली नाही. 1932 साली आधी आली ती ‘पथेर काँटा’. त्यात भर रस्त्यात माणसं मरून पडतात आणि त्यांच्या काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. एकदोन कथा झाल्यावर मालिका करायचं ठरलं, तेव्हा शरदिंदुंनी मागे जाऊन ब्योमकेश आणि अजितची पहिली भेट रंगवली.

मग या मालिकेत जवळपास 15 वर्षांचा खंड पडला. याच काळात, 1938 मध्ये, शरदिंदु बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले होते. 1952 पासून ते पुण्यात स्थायिक झाले. ‘दूरदर्शन’वर 1993 मध्ये बासू चटर्जींच्या मालिकेत रजित कपूरला पाहून ब्योमकेशवर जीव जडलेल्या कितीतरी मराठी प्रेक्षकांना याचा पत्ताच नसेल, की पुढच्या बऱ्याचशा कोलकाताकथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथाही याच लेखकाच्या. आपल्याकडे त्यांची आठवण इतकी कमी निघावी, याची खंत वाटते.

पूर्ण झालेल्या ब्योमकेशकथा 32, आणि ‘विशुपाल वध’ ही अपुरी राहिलेली. नव्या वाचकाने लेखनक्रम बाजूला ठेवून ‘सत्यान्वेषी’पासून सुरुवात करावी. ‘अर्थमनर्थम्’ मात्र ‘चित्रचोर’च्या आधी वाचायलाच हवी, कारण पुढे ब्योमकेशची बायको होणारी सत्यवती त्याला तिथे पहिल्यांदा भेटते, आणि ‘चित्रचोर’मध्ये आजारातून उठलेल्या ब्योमकेशच्या पथ्यपाण्यावर तिचीच करडी नजर असते.