पात्रनिर्मिती, कथात्म साहित्यातील

कथाकादंबऱ्यांतील कल्पित व्यक्ती वाचकास जिवंत वाटेल अशा रीतीने घडविण्याची प्रक्रिया. अशी व्यक्ती प्रत्यक्षात होऊन गेली की नाही, हा प्रश्न येथे गौण असतो. तिची कृती तिच्या स्वभावातून व परिस्थितीतून उद्‌भवली आहे, असे वाचकास पटणे हा विश्वसनीयतेचा खरा निकष होय.

या प्रश्नाचा विचार प्राचीन आहे. पात्राच्या स्वभावात सुसंगती असावी आणि मूळ व्यक्तीच विसंगत असेल, तर ती विसंगतीही सुसंगतपणे दाखवावी, असे ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) पोएटिक्स या ग्रंथात सांगितले. शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण संभाव्य वाटणारी घटना बरी, असेही त्याचे मत होते. त्यामुळे ‘असे प्रत्यक्षात घडले आहे’, हे दुबळ्या पात्रचित्रणाचे समर्थन ठरत नाही. संस्कृत नाट्यविचारातील धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत हे नायकभेद प्रातिनिधिक स्वभावांवर आधारलेले आहेत. आधुनिक कादंबरीत मात्र नमुन्याऐवजी विशिष्ट व्यक्तीला महत्त्व आले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) यांनी ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल (१९२७) मध्ये पात्रांचे ‘सपाट’ व ‘गोलाकार’ असे दोन प्रकार मानले. एखाद्याच गुणाभोवती रचलेले पात्र सपाट, तर वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकणारे पात्र गोलाकार होय. सपाट पात्रेही, विशेषतः विनोदी लेखनात, उपयुक्त ठरतात.

मराठीत या प्रक्रियेचा विकास एकाच विषयावरील दोन कृतींच्या तुलनेने स्पष्ट होतो. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) मध्ये नायिका प्रवासात निरनिराळ्या विधवांच्या हकीकती ऐकते व पुढे स्वतः विधवा होते. तेथे विधवांच्या स्थितीचे निरूपण हा मुख्य हेतू असल्याने बहुतेक पात्रे त्या निरूपणाची उदाहरणे ठरतात. ह. ना. आपटे यांनी पण लक्षांत कोण घेतो! या करमणूक पत्रात १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत याच विषयासाठी वेगळा मार्ग स्वीकारला. येथे यमू आपली हकीकत स्वतःच सांगते. बालपण, माहेर, सासरचा जाच व पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस यांतून वाचक तिला मुलगी, बहीण व पत्नी म्हणून ओळखू लागतो. म्हणूनच पतिनिधनानंतर तिच्यावर सक्तीने लादलेले केशवपन हे त्याला एका रूढीचे वर्णन न वाटता परिचित व्यक्तीवरील अत्याचार वाटतो. मताचा प्रचार करण्यासाठी पात्र राबविल्यास मतही दुबळे होते, पात्र स्वतंत्रपणे उभे राहिल्यास मतालाही बळ येते, हे यावरून दिसते.

पात्र उभे करण्याची साधने म्हणजे कृती, संभाषण, मनोव्यापार, इतर पात्रांची मते व परिसर ही होत. यांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नसते. रूप, पोशाख व सवयी यांच्या तपशिलांची गर्दी केल्याने व्यक्ती साकार होतेच असे नाही. कसोटीच्या प्रसंगी तिने केलेली निवडच तिचा स्वभाव प्रकट करते. विश्राम बेडेकर यांच्या रणांगण (१९३९) मधील चक्रधर प्रेमभंगाने कडवट झालेला आहे. यूरोपहून परतताना बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेल्या हॅर्टा या ज्यू तरुणीशी त्याचे प्रेम जमते, परंतु आधीची कडवट वृत्ती व नव्याने जागलेली ओढ यांतील ताण सुटत नाही, म्हणूनच ते खरे वाटते. बोलीचेही तसेच आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या बनगरवाडी (१९५५) मधील धनगरांची बोली परिणामकारक ठरते, ती केवळ प्रादेशिक म्हणून नव्हे. मेंढरे, पाऊस व दुष्काळ यांवर अवलंबून असलेल्या माणसांचा विचार तिच्यातून व्यक्त होतो. विचाराचा असा आधार नसेल, तर बोली हा पात्राचा केवळ वेष ठरतो.