गटाराला पैसा आहे, उतार पाहा

सांडपाण्यासाठी सरकार पैसा देत नाही, ही तक्रार पूर्ण खरी नाही. स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. त्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावास सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत रक्कम ठरली. म्हणजे २,००० वस्तीला ५,६०,००० रुपये. पैकी ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे.

पण उतार चुकला, की गटारात पाणी तुंबते आणि डास होतात. म्हणून अभियंता व त्याची माणसे मोजणीला आली, की पाणी कुठे साचते ते घरच्या बायकांनी त्यांना फिरून दाखवावे. जागा असेल तेथे विहिरीपासून लांब शोषखड्डा घ्यावा. गाळ कोण काढणार, हेही ग्रामसभेत आधीच ठरवावे.