मेसेज आणला कुणी?

गेल्या रमजानमध्ये इफ्तारची भांडी आवरत असतानाच आमच्या धाकट्या खालांच्या मोबाइलवर मेसेज आला. मागचे बिल जमा नाही, रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला. ऐन तरावीहच्या वेळी घरात अंधार होणार म्हणून त्या घाबरल्या. फोन लावला, समोरच्याने सांगितलेले ॲप घेतले आणि पंधरा मिनिटांत खात्यातले १८ हजार रुपये गेले. बँक म्हणाली, ओटीपी तुमच्याच फोनवरून गेला. मोबाइल कंपनी म्हणाली, आम्ही फक्त मेसेज पोहोचवतो.

हे दुसरे उत्तर मला पटत नाही. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार, घाऊक मेसेज पाठवणाऱ्या संस्थेने आपले नाव आणि मजकुराचा नमुना मोबाइल कंपन्यांकडे नोंदवायचा, आणि नोंद नसलेला मेसेज कंपनीने अडवायचा. अंमलबजावणी रखडली. २०२० मध्ये पेटीएम चालवणारी कंपनी, फसवे मेसेज रोखत नाहीत म्हणून मोबाइल कंपन्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि १०० कोटींची भरपाई मागितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने नियम काटेकोर पाळले जातील हे पाहायला ट्रायला सांगितले. ८ मार्चला कंपन्यांनी गाळणी लावली, तर देशभर बँकांचे ओटीपीच अडकले, कारण अनेक संस्थांनी नमुनेच नीट नोंदवले नव्हते. ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. गोंधळ झाला खरा, पण मेसेज अडवता येतो हे सगळ्यांनी पाहिले.

आता १ ऑक्टोबर २०२४ पासून घाऊक मेसेजमधली नोंद नसलेली लिंकही अडवली जाते. म्हणूनच ठग साध्या दहा आकडी नंबरांकडे वळतात. खालांना आलेला मेसेज तसाच होता. पण ते सिमकार्डही कुठल्यातरी कंपनीनेच कागदपत्रे पाहून दिलेले असते ना?

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार, नको असलेल्या मेसेजचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या कंपनीला पहिल्यांदा २ लाख, दुसऱ्यांदा ५ लाख आणि पुढे दर वेळी १० लाख रुपये दंड आहे. त्यातला रुपयाही फसलेल्या माणसाला मिळत नाही. सिंगापूरमध्ये १६ डिसेंबर २०२४ पासून वेगळी रीत आहे. बनावट वेबसाइटवरून पैसे गेले, तर आधी बँकेने आपले काम केले का ते पाहतात. तिने केले असेल आणि मोबाइल कंपनी चुकली असेल, तर नुकसान कंपनी भरून देते. आपल्याकडेही हेच मागायला हवे.

तोवर हाती आहे ते वापरावे. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. फसवा मेसेज नुसता आला असेल, तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'त कळवा. नको असलेल्या जाहिरातीच्या मेसेजची तक्रार १९०९ वर सात दिवसांच्या आत करता येते. तक्रारीला मूळ मजकूर, नंबर आणि तारीख लागते. आमच्या खालांनी रागाच्या भरात तो मेसेज त्याच रात्री पुसून टाकला होता.